थिबाचा नसलेला पियानो

रत्नागिरीत घरात जुनी खुर्ची आहे आणि ती थिबा राजाची नाही असं मालक म्हणतो आहे, असं सहसा घडत नाही. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी कैद करून इथे आणून ठेवलं, तीस वर्षं तो इथे राहिला आणि इथेच वारला, एवढा खरा इतिहास. पण त्याच्या नावावर गावात ज्या खुर्च्या, आरसे, हंड्या, पानदानं आणि पलंग आहेत ते सगळे एके ठिकाणी मांडले, तर राजा कैदेत नव्हता, फर्निचरचं दुकान टाकून बसला होता, असं वाटावं.

आप्पा खांबेट्यांकडे पियानो होता. म्हणजे तो अर्थातच थिबाचा.

आप्पांचं पाळण्यातलं नाव परशुराम. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले त्याला चार वर्षं होऊन गेली होती. नाझराचं काम जप्तीचं. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांची कपाटं, शिवणयंत्रं, तांब्याचे हंडे यांचे पंचनामे केले होते, त्यामुळे दुसऱ्याच्या वस्तूला 'जुनी व मोडकी' म्हणायचं आणि स्वतःच्या वस्तूला ऐतिहासिक, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. बोलतानाही कलमं पाडायचे. जेवायला बसले की, "एक, मला भूक नाही. दोन, आमटी पुन्हा वाढ."

पियानोची खरी हकिकत अशी, की छत्तीस साली बंदरावरचा कुणी गोरा साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात आप्पांच्या वडिलांनी तो एकशे दहा रुपयांना घेतला. त्यांना ते कपाट वाटलं होतं. घरी आणून झाकण उघडल्यावर आत काळे-पांढरे दात दिसले. परत देण्याची सोय नव्हती. पुढे आप्पांच्या बहिणीला बघायला पाहुणे आले, त्यांतल्या एकाने विचारलं, "थिबाचा काय हो हा?" वडिलांच्या तोंडात पान होतं, म्हणून ते नुसते हसले. बहिणीचं लग्न तिथेच ठरलं. ज्या पियानोने हुंड्यात घासाघीस वाचवली तो थिबाचा नाही असं म्हणायला घरात कोण धजणार?

वडील नुसते हसले होते, आप्पांनी तपशील भरले. राणी तिन्हीसांजेला यावर ब्रह्मी गाणी वाजवायची. राजकन्येच्या बोटातली अंगठी या पट्टीवर आपटली, तो हा चरा. गणपतीपुळ्याला दर्शनाला आलेले नातेवाईक वाट वाकडी करून पियानो बघायला यायचे. मग आप्पा जानव्याला बांधलेली किल्ली काढायचे, झाकण उघडायचे, एका बोटाने दोन पट्ट्या दाबायचे आणि पाहुण्यांनी "वा" म्हटलं की झाकण बंद, कुलूप. यापलीकडे कुणाचं बोट लागू द्यायचे नाहीत.

यात एकच अडचण होती. त्यांची मुलगी सुनेत्रा लहानपणी एका ख्रिस्ती बाईंकडे पियानो शिकायला जायची. घरात पियानो आहे आणि कुणाला येत नाही हे बरं दिसत नाही, म्हणून आप्पांनीच घातलं होतं. पण घरच्या पियानोवर सराव नाही. "वाजवून वाजवून झिजेल," ते म्हणायचे.

"मग शिकत्ये कशाला ती?" उमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकदा विचारलं होतं.

"शिकायला माझी हरकत नाही," आप्पा म्हणाले. कोर्टात असा निकाल खपलाही असता.

पोरगी हट्टी नव्हती. संध्याकाळी झोपाळ्यावर बसली की तिची बोटं फळीवर चालत असायची, खाली मान घालून, ओठांत काहीतरी मोजत. आप्पांनी ते अनेकदा पाहिलं होतं. पाहिलं, की ते वर्तमानपत्र थोडं वर धरायचे.

सुनेत्रा लग्न होऊन इंग्लंडात ब्रॅडफर्डला गेली. जावई डॉक्टर. नऊ वर्षांत तिने माहेरून काही मागितलं नाही, लोणचंसुद्धा उमाबाईच आपण होऊन पाठवायच्या. आणि सत्त्याऐंशीच्या जानेवारीत तिचं पत्र आलं. खुशाली, नातीचे दात, बर्फ, आणि शेवटी दोन ओळी: आप्पा, मला दुसरं काही नको. पियानो द्याल का?

आप्पांनी पत्र तीनदा वाचलं. "एक, तो जड आहे," ते म्हणाले. दोन सुचेना.

"एवढं एकच तर मागत्ये," उमाबाई म्हणाल्या.

आप्पांना झोपाळ्याची फळी आठवली आणि लाज वाटली. माणसाने लाज वाटून जन्मात एक चांगलं काम केलं तरी पुरे असतं. आप्पांनी त्याच दिवशी मुंबईच्या दलालाला पत्र टाकलं. वैशाखात निघणाऱ्या जहाजावर जागा मिळाली. आंब्याच्या पेट्या करणाऱ्या सुताराने पियानोचं माप घेतलं आणि एवढ्यात किती डझन बसतील याचा हिशेब उगाच करून गेला. राहता राहिला विमा.

विम्याचं काम महिपत घवाळी करायचा. आयुष्यभर त्याने दोनच प्रकारचे विमे उतरवले होते, मच्छीमारांच्या होड्यांचे आणि सरकारी कर्जातून घेतलेल्या म्हशींचे. होडीवर नंबर रंगवतात, म्हशीच्या कानात बिल्ला मारतात. पियानोला तो दोनदा प्रदक्षिणा घालून आला.

"वय?" त्याने विचारलं.

इथे आप्पांनी सरळ 'माहीत नाही' म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण समोर छापील अर्ज, त्यावर वस्तूचं वर्णन लिहायला चांगल्या सात ओळी, आणि हातात पेन. आप्पांनी स्वतः अर्ज ओढून घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'ब्रह्मदेशाधिपती थिबा महाराज यांचा खासगी वापरातील पियानो. महाराजांनी रत्नागिरीस येताना सोबत आणलेला. वय शंभर वर्षांहून अधिक. किंमत रुपये दोन लाख.'

"दोन लाख?" महिपतने विचारलं. एवढ्या रकमेत आख्ख्या मिरकरवाड्याच्या होड्या बुडाल्या तरी चाललं असतं.

"राजाचा आहे," आप्पा म्हणाले.

महिपतने पॉलिसीचा नमुना वाचायला दिला होता. कायद्याची भाषा दिसली की आप्पांची भूक वाढायची. दुपारभर चष्मा लावून ते वाचत बसले. समुद्राची संकटं, आग, चाचे, चोर, जहाज वाचवण्यासाठी माल पाण्यात टाकणे, आणि शेवटी, 'राजे, राजपुत्र व प्रजा यांनी केलेली अटक वा अटकाव'.

"आता कुठले राजे?" त्यांनी महिपतला विचारलं.

"कलम जुना हाय आप्पा," महिपत म्हणाला. "राजे गेले, कलम ऱ्हायला."

पंधरा दिवसांनी मुंबईच्या मोठ्या हाफिसातून उत्तर आलं. विमा द्यायला आनंद वाटेल. मात्र शंभर वर्षांपूर्वीची पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यास कायद्याने मनाई असल्याने, सरकारी परवानगीची प्रत जोडावी. आप्पांनी कायदा काढून पाहिला. खरंच मनाई होती. शिक्षाही होती. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाचा गळा त्याच्या स्वतःच्याच सहीच्या कागदाने इतका नीट आवळला गेलेला पाहिला नव्हता.

मग त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. हा लिहायला दोन दिवस लागले. 'पूर्वीच्या अर्जातील मजकूर अनवधानाने लिहिला गेला असून, सदर पियानो थिबा राजाचा नाही.' खाली सही केली. चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगितलेलं सगळं, राणी, ब्रह्मी गाणी, अंगठीचा चरा, या एका 'नाही'त बुडत होतं. चाच्यांनी बुडवलं असतं तर निदान भरपाई तरी मिळाली असती.

वाईट त्याचं नव्हतं. वाईट हे झालं, की कुणी विश्वासच ठेवला नाही.

शेजारचे नेने मास्तर निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर गावाचा इतिहास त्यांनी अंगावर घेतला होता, आणि त्यांच्या अंगावर तो थोडा सैल व्हायचा. महिपतकडून बातमी कळताच ते काठी टेकत आले.

"आप्पा, हे काय ऐकतोय? आपला थिबाचा पियानो विलायतेला चालला?"

"थिबाचा नाही तो."

"असं कसं? तुम्हीच तर सांगितलंत."

"मी खोटं सांगितलं."

नेने मास्तरांनी आप्पांकडे मायेने पाहिलं. "लेकीसाठी माणूस काय काय बोलतो," ते म्हणाले. "मी समजू शकतो. पण राजाला नाकारायचं म्हणजे फार झालं."

आठवड्यात 'थिबा ठेवा बचाव समिती' स्थापन झाली. ज्या घरांत थिबाच्या खुर्च्या होत्या ती सगळी घरं सभासद झाली, कारण आज आप्पांचा पियानो खोटा ठरला तर उद्या आपली खुर्ची कुठे उभी राहणार, हा साधा विचार होता. समितीने कलेक्टरांना निवेदन दिलं. त्यात राणीच्या संध्याकाळच्या गाण्यांचा उल्लेख होता, अंगठीच्या चऱ्याचाही होता. आप्पांनी ते वाचलं आणि आपणच पूर्वी किती चांगलं बोलायचो याचं त्यांना वाईट वाटलं.

त्यांनी महिपतला गाठलं. "प्रजेने अटकाव केला तर भरपाई आहे ना तुमच्या कलमात?"

"हाय. पण पॉलिसी माल निघाल्यापासून," महिपत म्हणाला. "तुमचा माल अजून माजघरात हाय."

जहाज सुटायला अठरा दिवस उरले असताना मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून पंचनाम्याला आला. माजघरात माणसं मावेनात. नेने मास्तर समितीतर्फे, महिपत विम्यातर्फे. जाणकार म्हणून कारकुनाने मांडवीच्या बाळा मयेकराला बोलावलं होतं. बाळा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचा आणि पंचक्रोशीतल्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सरकारला दुसरं माणूस माहीत नव्हतं. आप्पा भिंतीला टेकून उभे होते. आजवर ते अशा खोलीत मध्ये उभे राहायचे आणि भिंतीला दुसरं कुणी असायचं.

"पियानो थिबा राजाचा असल्याचा पुरावा?" कारकुनाने विचारलं.

"गावातलं शेंबडं पोर सांगेल," नेने मास्तर म्हणाले.

"नसल्याचा?"

"माझं प्रतिज्ञापत्र आहे," आप्पा म्हणाले. ते कुणी हातात घेतलं नाही.

बाळा खाली बसला. त्याने पियानोची खालची फळी अशी सहज सोडवली, की जणू रोज सोडवतो. आत हात घालून त्याने कारकुनाला वाकायला सांगितलं. लाकडावर मुंबईच्या दुकानदाराची चिठ्ठी होती आणि साल छापलेलं होतं, एकोणीसशे चोवीस.

"राजा सोळा साली वारला," महिपत हळूच म्हणाला.

"चिठ्ठी कोणी मागाहूनही डकवेल," नेने मास्तर म्हणाले. "माझा मुद्दा वेगळा आहे. ही राजाची वस्तू आहे म्हणूनच आप्पांनी चाळीस वर्षं कुलपात ठेवली. माणसाचा हात लागू दिला नाही. कोऱ्यासारखा आहे पियानो. साध्या साहेबाच्या वस्तूला कोण असं जपतं?"

"हात नाय लागलेला?" बाळा म्हणाला आणि थांबला. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात उमाबाई उभ्या होत्या.

"सांगा हो बाळाभाऊ," त्या म्हणाल्या. "आता शपथ सुटली म्हणा."

बाळाने वरचं झाकण काढलं. "पट्टी दाबली की ही लोकरीची हातोडी तारेवर बसते," तो कारकुनाला म्हणाला. "कोरा पियानो आसता तर लोकर गुळगुळीत आसती. ह्या बघा, सगळ्या हातोड्यांवर तारांचे वळ उठलेत. मधल्या तर पार चिरल्यात. हा पियानो दहा वरसं रोज वाजलाय साहेब, तासन् तास. माझा ऑर्गन एवढा वाजत नाय. आन् ह्या चौदा हातोड्यांची लोकर झडलेली, ती मी बदललीय, एकाहत्तर साली. लोकर वैनींनी दिली."

आप्पा पुढे आले. त्यांनी चष्मा वर केला. चौदा हातोड्यांवर विटकरी रंगाची लोकर होती. तो रंग त्यांनी ओळखला. एकाहत्तरच्या थंडीत त्यांचा मफलर हरवला होता आणि त्यासाठी त्यांनी कोर्टाच्या शिपायाला फार बोल लावले होते.

"कुलूप होतं ना?" त्यांनी विचारलं. आवाज नाझराचा नव्हता.

"तुम्ही आंघोळीला जाताना जानवं काढून ठेवत नव्हतात, म्हणून जरा वेळ लागला," उमाबाई म्हणाल्या. "एका रविवारी दुपारच्या झोपेत साबणावर ठसा घेतला. तुम्ही अकराला कोर्टात जायचात, पाचला यायचात. शाळा सकाळची होती तिची."

"दुपारी?" नेने मास्तर एकदम म्हणाले. "म्हणजे ते… अहो, आम्हाला वाटायचं तुमच्याकडे रेडिओ लागतो! आमची ही तर ते ऐकतच झोपायची दुपारी. सुनेत्रा गेल्यावर म्हणालीसुद्धा, खांबेट्यांचा रेडिओ बिघडला वाटतं."

पोस्टमनलाही ठाऊक होतं, असं मग निघालं. महिपतच्या बहिणीला ठाऊक होतं. एवढ्या माणसांत आजवर पियानो न ऐकलेला एकच माणूस होता आणि तो पियानोचा मालक होता.

"काय वाजवायची ती?" आप्पांनी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं?" उमाबाई म्हणाल्या. "चांगलं वाजवायची. पावणेपाचला थांबायची, मग फडक्याने पट्ट्या पुसायची आणि तुमचा चहा ठेवायची."

आप्पांना तो चहा आठवला. अठ्ठ्याहत्तरपर्यंत रोज पाचच्या ठोक्याला हातात येणारा, न सांगता आलं घातलेला. कप देताना पोरगी तोंडाकडे बघायची, काहीतरी विचारतील म्हणून असेल. त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. आप्पा पियानोच्या स्टुलावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. पुरुष माणूस, त्यातून नाझर, म्हणून कुणाला काय करावं कळेना.

कारकुनाने पेन थांबवलं. "हे पंचनाम्यात घ्यायचं का?" त्याने महिपतला विचारलं.

"नको," महिपत म्हणाला. "'वापरलेला, दुरुस्त केलेला' एवढाच लिवा."

तेवढ्यानेच काम झालं. चोवीस सालचा, वापरून झिजलेला, मफलर लावून दुरुस्त केलेला घरगुती पियानो कायद्याला पुरातन वाटेना. नेने मास्तरांनी सहीला थोडे आढेवेढे घेतले. पण दुपारच्या झोपेचं ऋण होतं, केली सही. समिती पुढे एका आरशाच्या मागे लागली.

महिपतने नवा अर्ज काढला. बाळाने किंमत सांगितली, साडेसहा हजार. आप्पांनी तीच लिहायला सांगितली.

"मालकाचं नाव?"

"सुनेत्रा परशुराम खांबेटे," आप्पा म्हणाले.

"अहो, लग्न झालंय तिचं," उमाबाई म्हणाल्या. "पासपोर्टावरचं नाव सांगा, नाहीतर तिकडे अडकेल."

खोडून पुन्हा लिहिलं. वैशाखात पेंढ्यात गुंडाळलेला पियानो आंब्याच्याच ट्रकने मुंबईला गेला आणि जहाजावर चढला. चाचे भेटले नाहीत, राजे भेटले नाहीत, कप्तानाने काही पाण्यात टाकलं नाही. आषाढात तो ब्रॅडफर्डला पोचला तेव्हा पुढचा एक पाय तेवढा मोडला होता. महिपतच्या आयुष्यातली ही पहिली विलायती नुकसानभरपाई. त्याने हौसेने फॉर्म पाठवला. इकडून आप्पांनीही पत्र लिहिलं: एक, पाय मोडल्याचा फोटो काढणे. दोन, भरपाई मागणे. तीन, काय वाजवतेस ते कळवणे.

महिनाभराने उत्तर आलं. फॉर्म कोराच परत होता. पायाखाली दोन विटा ठेवल्या आहेत, सुनेत्राने लिहिलं होतं, नुकसान काही नाही. तिसऱ्या कलमाचं उत्तर मात्र नीट दिलं होतं, तुकड्यांची नावं इंग्रजीत, प्रत्येकापुढे तो किती कठीण आहे ते. आणि खाली: आता संध्याकाळी वाजवते, आप्पा. सगळे घरी आल्यावर.

आप्पांनी पत्र उमाबाईंना वाचून दाखवलं. शेवटची ओळ त्यांना वाचता आली नाही, ती उमाबाईंनीच वाचली.